मुंबई दूरदर्शन केंद्र

मुंबई दूरदर्शन केंद्र हे प्रसार भारतीच्या दूरदर्शन या विभागाचे महाराष्ट्रातील प्रमुख निर्मिती व प्रक्षेपण केंद्र आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते सुरू झाले. दिल्लीनंतर भारतात स्थापन झालेले हे दुसरे दूरचित्रवाणी केंद्र होय. केंद्राचे कार्यालय, स्टुडिओ आणि मनोरा मुंबईतील वरळी येथे आहेत. डीडी सह्याद्री ही मराठी उपग्रह वाहिनी याच केंद्रातून चालवली जाते.

पार्श्वभूमी

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. त्या प्रारंभकाळात पु. ल. देशपांडे दिल्ली केंद्राशी संबंधित होते आणि पंडित जवाहरलाल नेहरू यांची दूरचित्रवाणीवरील मुलाखत त्यांनी घेतली होती; त्यामुळे मराठी माणसाचा या माध्यमाशी संबंध मुंबई केंद्राच्या आधीचा आहे. दिल्लीत दैनंदिन सेवा १९६५ मध्ये सुरू झाली, तरी दिल्लीबाहेर केंद्र निघण्यास आणखी सात वर्षे लागली. तोपर्यंत दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक भाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी ती वेगळी करण्यात येऊन दूरदर्शन हा स्वतंत्र विभाग झाला. मुंबई केंद्राची पहिली साडेतीन वर्षे अशा रीतीने आकाशवाणीच्या छत्राखाली गेली. केंद्राच्या सुरुवातीच्या निवेदनशैलीवर आणि भाषेच्या शिस्तीवर नभोवाणीची छाप दिसते, तिचे हे एक कारण मानता येईल.

सिंहगड आणि पुणे जिल्हा

१९७३ मध्ये पुण्याजवळील सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र सुरू झाले आणि मुंबईचे कार्यक्रम सह्याद्रीच्या पूर्वेकडे पोहोचले. स्थळाची निवड भूगोलाने ठरवलेली होती. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात व डोंगराआड पोहोचत नाहीत. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आहे; पुणे शहर त्याहून सुमारे ७५० मीटर खाली आहे. एवढ्या उंचीवरून सपाट प्रदेशात क्षितिज जवळपास १०० किलोमीटरवर पडते. परिणामी गडाच्या पायथ्यालगतच्या, पण डोंगराच्या कुशीत दडलेल्या काही खोऱ्यांत चित्र मिळणे कठीण होते, तर कितीतरी दूर असलेल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मोकळ्या पठारी भागात, उंच खांबावर अँटेना चढवल्यास, ते मिळू शकत असे. घोड नदीच्या खोऱ्यातील कवठे येमाईसारखी गावे या क्षितिजाच्या आत येतात.

अशा कडेच्या भागांत चित्र मिळवणे हे एक कामच होते. अँटेना सिंहगडाच्या दिशेला वळवणे, तिला बूस्टर जोडणे, वाऱ्याने ती फिरली की एकाने छपरावर चढणे आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ किंवा ‘गेलं’ असे ओरडणे, ही ग्रामीण महाराष्ट्रातील एका पिढीची सामायिक आठवण आहे. संकेत दुर्बळ असला की पडद्यावर दिसणाऱ्या ठिपक्यांना लोकांनी ‘मुंग्या’ असे नाव दिले. प्रक्षेपण खंडित झाल्यावर दाखवल्या जाणाऱ्या पाटीवरील ‘व्यत्यय’ हा संस्कृत शब्दही त्याच काळात घरोघरी पोहोचला. त्या काळी संच बाळगण्यासाठी परवाना घेऊन त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. संच महाग होते आणि गावात एखाद्याच घरी असत, त्यामुळे कार्यक्रम पाहणे बहुधा सामुदायिक असे.

पुणे जिल्ह्याचे हे स्थान उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत वेगळे होते, ही बाब अनेकदा लक्षात घेतली जात नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी होती; महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. म्हणून १९७० च्या दशकात मुंबई व सिंहगड येथील प्रक्षेपकांच्या कक्षेबाहेरचा बहुतांश महाराष्ट्र दूरचित्रवाणीवाचून होता. शिरूर-दौंडचा शेतकरी मराठी कृषिकार्यक्रम पाहू शकत होता, तेव्हा मराठवाड्यातील शेतकऱ्याला तो उपलब्ध नव्हता.

आरंभीचे कार्यक्रम

केंद्र एकच आणि शहर बहुभाषक, यामुळे संध्याकाळच्या मोजक्या तासांत मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा भाषांची वाटणी करावी लागे. मुलांसाठी मराठीत ‘किलबिल’, तर गुजरातीत ‘संताकुकडी’ होते. गुजराती प्रेक्षकांसाठी ‘आवो मारी साथे’, इंग्रजीत सबीरा मर्चंट यांचा ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ हा शब्दखेळ, हिंदीत कमलेश्वर यांचा ‘परिक्रमा’ आणि तबस्सुम यांचा चित्रपट कलावंतांच्या मुलाखतींचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हे कार्यक्रम प्रसिद्ध होते. यांपैकी शेवटचा १९७२ ते १९९३ असा दीर्घकाळ चालला. चित्रपटगीतांचा ‘छायागीत’ हा कार्यक्रम आणि आठवड्याच्या शेवटी दाखवले जाणारे चित्रपट यांना सर्वाधिक प्रेक्षक लाभत. पुढील आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी ‘साप्ताहिकी’ही तितक्याच उत्सुकतेने पाहिली जाई.

मराठी कार्यक्रमांपैकी विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ने नाट्यछटा, प्रहसने आणि विनोदी प्रवेश यांना छोट्या पडद्यावर स्थान दिले. नाटकांचा परामर्श घेणारा ‘नाट्यावलोकन’, साहित्य व कलाक्षेत्रातील व्यक्तींवरील ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’ आणि तरुणांसाठी ‘युवदर्शन’ हे नियमित कार्यक्रम होते. चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारित ‘चिमणराव’ मालिकेत दिलीप प्रभावळकर यांनी चिमणरावाची आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊची भूमिका केली. साप्ताहिक हप्त्यांच्या मराठी विनोदी मालिकेचा वस्तुपाठ म्हणून तिच्याकडे पाहिले जाते.

आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’चे वेगळेपण त्याच्या प्रेक्षकांत होते. प्रौढशिक्षण आणि समाजप्रबोधन हे विषय हाताळणाऱ्या या कार्यक्रमाभोवती प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन केली. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक हा केवळ पाहणारा असतो, या समजुतीला छेद देणारे हे उदाहरण माध्यमाच्या इतिहासात अधिक अभ्यासले जाण्याजोगे आहे.

वृत्तविभागातून प्रदीप भिडे, अनंत भावे, चारुशीला पटवर्धन, ज्योत्स्ना किरपेकर आदी वृत्तनिवेदक परिचित झाले. अभिनेत्री स्मिता पाटील यांनी चित्रपटांत येण्यापूर्वी येथे मराठी बातम्या दिल्या होत्या. भक्ती बर्वे याही केंद्राच्या पडद्यावर दिसत. संथ लय, स्वच्छ उच्चार आणि भावनांचा संयम ही या निवेदनाची वैशिष्ट्ये होती. प्रमाण मराठीचा ‘ऐकीव’ आदर्श ग्रामीण भागात पोहोचवण्याचे काम आकाशवाणीपाठोपाठ या बातम्यांनी केले. त्याच वेळी वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणाऱ्यांचा आवाज बातम्यांच्या पडद्यावर जवळपास ऐकू आला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

आमची माती, आमची माणसं

शेतीविषयक ‘आमची माती, आमची माणसं’ हा केंद्राचा सर्वांत दीर्घायुषी कार्यक्रमांपैकी एक आहे. कृषी विद्यापीठांतील तज्ज्ञांच्या मुलाखती, पीक-रोगांची चित्रे, प्रयोगशील शेतकऱ्यांच्या शेतावर जाऊन केलेले चित्रण आणि हंगामानुसार सल्ला असे त्याचे स्वरूप राहिले. संध्याकाळी शेतातून परतल्यावर पाहता यावा अशी त्याची वेळ असे. नभोवाणीवर कीड किंवा रोगाचे वर्णन ऐकावे लागे, येथे पानावरचा डाग प्रत्यक्ष दिसे. अर्थात कृष्णधवल पडद्यावर डागाचा रंग कळत नसे, आणि शेतकऱ्याला नेमका तोच हवा असे. रंगीत प्रक्षेपण आल्यावर ही उणीव दूर झाली.

राष्ट्रीय जाळे आणि मराठीचा अवकाश

१५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी रंगीत प्रक्षेपण आले. नोव्हेंबरमधील आशियाई क्रीडास्पर्धा हे त्याचे निमित्त होते. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कार्यरत झाल्यानंतर देशभर अल्पशक्ती प्रक्षेपकांची झपाट्याने उभारणी झाली. या १०० वॅटच्या प्रक्षेपकांमुळे महाराष्ट्रातील अनेक जिल्हे प्रथमच दूरचित्रवाणीच्या कक्षेत आले.

परंतु हे प्रक्षेपक उपग्रहाद्वारे दिल्लीशी जोडलेले होते. त्यामुळे मराठवाडा वा खानदेशातील एखाद्या शहरात दूरचित्रवाणी आली ती प्रामुख्याने हिंदी व इंग्रजीतून. मुंबईचे मराठी कार्यक्रम तेथे नंतर पोहोचले. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनाही रात्रीचा मुख्य कालावधी दिल्लीला द्यावा लागला आणि प्रादेशिक कार्यक्रम संध्याकाळच्या आधीच्या तासांत सरकले. ‘हम लोग’, ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांच्या लोकप्रियतेच्या लाटेत या बदलाची फारशी चर्चा झाली नाही. विस्तार आणि संकोच एकाच निर्णयातून घडले होते. नागपूर येथील उपग्रह दूरदर्शन केंद्राने ग्रामीण प्रेक्षकांसाठी मराठी कार्यक्रमांची निर्मिती करून ही उणीव काही प्रमाणात भरून काढली.

तरीही याच दशकात केंद्रावरून महत्त्वाच्या मराठी मालिका आल्या. ‘श्वेतांबरा’ ही आरंभीची मराठी मालिका होय. माधवराव पेशव्यांवरील ‘स्वामी’मध्ये रवींद्र मंकणी व मृणाल देव यांच्या भूमिका होत्या आणि तिचे दिग्दर्शन गजानन जागीरदार यांनी केले. पोलीस तपासावरील ‘एक शून्य शून्य’ मधून शिवाजी साटम प्रेक्षकांना परिचित झाले. ना. धों. ताम्हनकर यांच्या ‘गोट्या’वरील मालिकाही लोकप्रिय ठरली.

डीडी सह्याद्री

१५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली. आरंभी ती डीडी-१० या नावाने ओळखली जाई. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९७ मध्ये सुरू झालेली, प्रतीक्षा लोणकर यांची प्रमुख भूमिका असलेली ‘दामिनी’ ही मराठीतील पहिली दैनंदिन मालिका. ती दुपारी लागत असे. रोजच्या मालिकेला मराठी प्रेक्षकवर्ग आहे, हे तिने दाखवून दिले. त्याचा लाभ मात्र मुख्यतः १९९९ मध्ये आलेल्या अल्फा टीव्ही मराठी आणि २००० मध्ये आलेल्या ईटीव्ही मराठी या खासगी वाहिन्यांना झाला.

सह्याद्रीवरील ‘हॅलो सखी’ हा महिलांचा कार्यक्रम आणि ‘धिना धिन धा’ हे विशेष गाजले. विविध क्षेत्रांतील कर्तृत्वासाठी वाहिनीने ‘नवरत्न पुरस्कार’ दिले आहेत. लोककलांचे चित्रण हा वाहिनीचा पूर्वापार भाग असला, तरी माध्यमाच्या मर्यादा येथे स्पष्ट होतात. गण, गवळण, बतावणी आणि वग असा रात्रभर रंगणारा तमाशा अर्ध्या तासात बसवताना वग गळतो आणि लावणी उरते. नारायणगाव आणि शिरूरचा परिसर तमाशा फडांच्या परंपरेसाठी ओळखला जातो. वगनाट्ये व लोकगीते लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर हे कवठे येमाईचे. त्यांना २०१८ चा राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. अशा लेखकांचे मुख्य काम असलेला वग दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात क्वचितच पूर्ण मावला.

भूप्रक्षेपणाचा अंत

२३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती अस्तित्वात आल्यावर केंद्र या महामंडळाच्या अखत्यारीत गेले. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या, आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोफत सेवेमुळे छोट्या तबकडीवर सह्याद्री कोठेही दिसू लागली आणि अँटेनाची गरज संपली. पुढे दूरदर्शनने अॅनालॉग भूप्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. २०२२ पर्यंत देशातील बहुतेक प्रक्षेपक बंद झाले होते.

कोविड-१९ च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना, जुलै २०२० पासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठीची मालिका दाखवण्यात आली. तिची निर्मिती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केली होती. ज्या घरांत स्मार्टफोन वा पुरेसे इंटरनेट नव्हते, पण दूरचित्रवाणी संच होता, त्या घरांतील मुलांना ती पाहता आली.

केंद्राच्या पहिल्या काळातील बातम्या आणि अनेक स्टुडिओ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असल्याने त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण झालेच नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकातील मराठी कार्यक्रमांविषयीची बरीचशी माहिती निर्माते, निवेदक आणि कलावंत यांच्या आठवणींवर व तत्कालीन वृत्तपत्रांतील कार्यक्रमपत्रिकांवर अवलंबून आहे.