नाव छापून येईपर्यंत

१६७५ साली कोचीनमध्ये तीन कोंकणी ब्राह्मणांनी एक प्रमाणपत्र लिहून दिले. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट ही त्यांची नावे. डच अधिकारी हेन्द्रिक व्हान रीड तेव्हा मलबारच्या वनस्पतींवर एक भलामोठा ग्रंथ तयार करीत होता. त्यातली माहिती आपण आपल्या निघंटूशी ताडून दिली आहे, असे या तिघांनी कोंकणी भाषेत, नागरी लिपीत नमूद केले. ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले आणि पहिल्याच खंडात हे प्रमाणपत्रही छापले गेले. पुढे कार्ल लिनियसने आपल्याकडच्या अनेक वनस्पतींना नावे दिली ती याच ग्रंथातली चित्रे समोर ठेवून.

आज एखादा लेख शोधपत्रिकेकडे पाठवला की संपादक तो त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतो. त्यांना समीक्षक म्हणतात. कोचीनचे हे तिघे त्यांचे पूर्वज म्हणायला हरकत नाही. मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवतो आहे. नव्या वनस्पतिजातींवरचे लेख लिहिले आहेत आणि इतरांचे तपासलेही आहेत. या काळात एक प्रश्न मला घरात, गावात, एसटीत सतत विचारला गेला. “झाड तर तिथे होतंच ना सर, मग तुम्ही नवीन काय शोधलंत?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर रानात सापडत नाही, ते लेखाच्या हस्तलिखितात असते.

झाड असते, नाव नसते

सातारा परिसरातल्या पठारांवर पावसाळ्यात डबक्यांतून एक पाणवनस्पती उगवते. तिचा तुरा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दुभंगलेला असतो, म्हणून तिला वायतुरा म्हणतात. गुरे चारणाऱ्या कित्येक पिढ्यांनी ती पाहिली असेल. डाल्झेल आणि गिब्सन यांचे ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली निघाले, थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. तरीही ‘अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस’ हे नाव वायतुऱ्याला मिळायला १९८२ साल उजाडले. त्याआधी ती वनस्पती होती, पण कोणत्याही यादीत नव्हती. जी यादीत नाही तिची गणना होत नाही, ती दुर्मीळ आहे असे म्हणता येत नाही आणि तिच्यासाठी एखादे पठार राखावे असा अर्जही करता येत नाही.

हे नाव देण्याचे काम एका आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे चालते. संहितेनुसार वनस्पतींच्या नावांचा जमाखर्च १ मे १७५३ पासून, म्हणजे लिनियसच्या ‘स्पीशीज प्लॅन्टॅरम’ या ग्रंथापासून सुरू होतो. एका जातीला आधी दिलेले रीतसर नाव साधारणपणे कायम राहते. आणि नाव जन्माला येते ते रीतसर छापून आल्यावरच. परिषदेत भाषण केले, पीएच.डी.च्या प्रबंधात लिहिले, वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली, तरी ते नाव अजून जन्मलेले नसते. १९५३ पासून तर वर्तमानपत्रातले प्रकाशन संहितेने स्पष्ट शब्दांत नाकारले आहे.

एक वाळलेला कागद

लेखाची तयारी टेबलावर सुरू होत नाही. ती सुरू होते झाड वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून लाकडी चौकटीत दाबण्यापासून. पावसाळ्यात कोकणात हे काम म्हणजे परीक्षाच. कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते. वाळलेला नमुना साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात. खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. कुठे मिळाला, कधी, किती उंचीवर, कोणी गोळा केला आणि वाळल्यावर जे दिसणार नाही ते सगळे, म्हणजे फुलाचा रंग, वास, चीक.

नव्या जातीच्या लेखात अशा एका नमुन्याला मूलनमुना ठरवावे लागते. १९५८ पासून ही सक्ती आहे आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहालयात ठेवला हेही लिहावे लागते. आपल्याकडे पुण्यातला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह, आघारकर संशोधन संस्था, मुंबईच्या सेंट झेवियर्समधला ब्लॅटर संग्रह, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ अशी ठिकाणे आहेत. नवी जाती सापडली तर तिचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करा, असे जैविक विविधता अधिनियम, २००२ देखील सांगतो.

विद्यार्थ्यांना मी सांगतो की लेखातला सर्वांत प्रामाणिक भाग हा कागद आहे. तुमचे वर्णन चुकेल, मोजमाप चुकेल, तुमचा तर्क उद्या कोणी खोडून काढेल. पण शंभर वर्षांनी एखादा अनोळखी माणूस ते कपाट उघडून तोच नमुना भिंगाखाली ठेवू शकेल. लेख म्हणजे त्या माणसाला दिलेला पत्ता.

उलटही घडते. अनेक नव्या जाती रानात सापडण्याऐवजी कपाटात सापडतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की नव्या जातींपैकी जेमतेम १६ टक्के गोळा केल्यापासून ५ वर्षांत प्रसिद्ध झाल्या होत्या आणि जवळजवळ पाव जातींचे नमुने ५० वर्षांहून अधिक काळ संग्रहात पडून होते.

वेगळेपण दोन वाक्यांत

लेखाचा गाभा असतो निदान. ही जाती तिच्या सर्वांत जवळच्या जातीपासून कशी वेगळी, हे दोन-तीन वाक्यांत सांगायचे. उदाहरणार्थ, कंदीलपुष्पांच्या ‘सेरोपेजिया’ या प्रजातीत काम करणारा लिहील, की ही जाती अमुकीसारखी दिसते, पण तिचा वेल आधाराला गुंडाळत नाही, फुलाची नळी सरळ आहे आणि पाकळ्यांच्या कडांना केस नाहीत. हे लिहिण्यासाठी जवळच्या सगळ्या जातींचे मूलनमुने पाहावे लागतात. आपल्याकडचे कितीतरी जुने नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानात आहेत. तिथल्या संग्रहात सुमारे ७० लाख नमुने आहेत. पूर्वी तिथे जाण्याची ऐपत नसलेल्याने पत्र पाठवून वाट पाहायची. आता बहुतेक मूलनमुन्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. लहान गावातल्या महाविद्यालयासाठी हा बदल फार मोठा आहे.

निदानाच्या भाषेची गोष्ट साहित्याच्या वाचकाला रंजक वाटेल. १९३५ पूर्वी कोणत्याही भाषेतले वर्णन चालत असे. म्हणजे तेव्हा कुणी मराठीत वर्णन छापून नव्या जातीला लॅटिन रूपातले नाव दिले असते, तर ते ग्राह्य ठरले असते. १९३५ ते २०११ या काळात मात्र लॅटिन सक्तीचे होते. आमच्या पिढीने विल्यम स्टर्न यांचे ‘बोटॅनिकल लॅटिन’ उशाला घेऊन विभक्ती जुळवल्या. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्हींपैकी काहीही चालते, आणि छापील अंकाऐवजी शोधपत्रिकेची पीडीएफ प्रतही पुरते. नाव मात्र अजूनही लॅटिनच्या व्याकरणाने चालते. पांचगणीवरून ‘पांचगणिएन्सिस’, सह्याद्रीवरून ‘सह्याद्रिका’. पुरुषाच्या नावाला बहुधा ‘आय’, स्त्रीच्या नावाला ‘ए’ हा प्रत्यय. स्वतःचे नाव स्वतःच देऊ नये, हा शिष्टाचार.

कुठे पाठवायचे

शोधपत्रिका निवडणे हे स्थळ पाहण्यासारखे आहे. भारतीय आवृतबीज वर्गीकरण संघटनेची ‘ऱ्हीडिया’ आहे, तिचे नाव त्याच व्हान रीडवरून आले. न्यूझीलंडहून निघणारी ‘फायटोटॅक्सा’ आहे, ‘क्यू बुलेटिन’ आहे. प्रत्येकीची रीत वेगळी. मोजमापातले चिन्ह कोणते, रेखाचित्र किती बारकाईचे, तक्ता कसा, हे सगळे त्यांच्या सूचनापत्रात असते, आणि ते न वाचता पाठवलेला लेख समीक्षकापर्यंत पोहोचतच नाही. सोबतच्या पत्रात लिहावे लागते की हा लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवला आहे आणि सर्व लेखकांची त्याला संमती आहे.

लेखक कोण, हाही प्रश्न सोपा नसतो. झाड दाखवणारा गुराखी, वाळवणारी विद्यार्थिनी, चित्र काढणारा मित्र आणि दालनाचा प्रमुख यांच्यात श्रेय कसे वाटायचे? ज्याने विचार केला, काम केले आणि चुकीची जबाबदारी घ्यायला जो तयार आहे, तो लेखक, असे मी मानतो. बाकीच्यांचे आभार नावानिशी मानावेत. ‘स्थानिकांचे आभार’ या दोन शब्दांत एखाद्या माणसाचे आयुष्यभराचे रान गुंडाळू नये.

याच टप्प्यावर मोह समोर येतो. माझा एक विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवत होता. सड्यावरच्या एका इवल्या वनस्पतीवर आम्ही दोघे काम करत होतो. फुले मिळाली होती, फळ आणि बी अजून हाती नव्हते. मुलाखतीला जायचे तर नावावर प्रसिद्ध लेख हवा. त्याच आठवड्यात त्याला एक ई-मेल आला. मजकूर गोड होता. सात दिवसांत लेख प्रसिद्ध करू, अमुक रुपये भरा. समीक्षण नावापुरते.

दुसऱ्या एखाद्या शास्त्रात वाईट लेख छापला तर लोक तो वाचत नाहीत आणि विसरतात. वनस्पतींच्या नावात ती सोय नाही. संहितेच्या अटी पुऱ्या होत असतील, तर भुक्कड पत्रिकेत छापलेले नावही रीतसर ठरते. ते चुकीचे निघाले तरी समानार्थी नाव म्हणून पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला त्याची नोंद घ्यावी लागते. घाईने दिलेले नाव पुसता येत नाही, फक्त वाहून न्यावे लागते. मी हे त्याला सांगितले. नोकरीची गरज त्याची होती, माझी नव्हती, म्हणून निर्णय त्याच्यावर सोडला. तो थांबला.

समीक्षकांची टिपणे

पुढच्या पावसाळ्यात बी मिळाले आणि लेख गेला. काही महिन्यांनी दोन टिपणे आली. पहिल्या समीक्षकाने स्वल्पविराम सुधारून शाबासकी दिली. दुसऱ्याने तीन पाने लिहिली. त्याचा मुख्य आक्षेप असा, की तुम्ही म्हणता तो फरक ओल्या आणि कोरड्या जागेमुळेही पडू शकतो. दोन्ही जाती एकाच मातीत वाढवून पाहिल्या का?

अशा टिपणाने नवखा माणूस खचतो. पण हा अपमान नसतो, ही फुकटची शिकवणी असते. उत्तर देण्याची रीत ठरलेली आहे. प्रत्येक आक्षेप उतरवून घ्यायचा, खाली आपले उत्तर, आणि हस्तलिखितात कोणत्या ओळीत काय बदलले ते. न पटणारा मुद्दा पुराव्यासह नाकारायचा. आम्ही महाविद्यालयाच्या गच्चीवर कुंड्यांत दोन्ही जाती शेजारी शेजारी वाढवल्या. फरक तसाच राहिला. लेख त्या एका परिच्छेदाने पक्का झाला.

पत्ता सांगायचा की झाकायचा

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळ सड्याकडे नसतो. कोकणातला सडा सरकारी कागदांवर बहुधा पडीक जमीन असतो. आमच्या लेखाची दुसरी फेरी चालू असताना त्या सड्याच्या एका टोकाला चिरेखाण सुरू झाली. मूलनमुना जिथून घेतला ती जागा चौकोनी खड्ड्यात गेली.

मग वाटते, आधी नाव जाहीर करावे, पुरावे मागाहून द्यावेत. पण कच्च्या पुराव्यावरचे नाव खाणवाल्याच्या वकिलापुढे टिकत नाही. ‘ही तर नेहमीचीच जाती’ असे एका तज्ज्ञाने म्हटले की संपले. संथपणा हेच त्या नावाचे बळ असते.

दुसरी भीती नाव छापून आल्यानंतरची. पेरू देशातले मोठ्या जांभळट फुलाचे ऑर्किड २००२ साली दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी दोन नावांनी प्रसिद्ध केले. काही दिवस आधी छापलेले ‘फ्रॅग्मिपेडियम कोव्हाची’ हे नाव टिकले. ज्याने ते झाड परवान्याविना अमेरिकेत नेले, त्याचेच नाव त्याला कायमचे चिकटले. दरम्यान रानातल्या झाडांची लूट झाली. म्हणून दुर्मीळ जातींच्या लेखात आता नेमके अक्षांश-रेखांश छापत नाहीत. ते संग्रहालयाच्या नोंदीत ठेवतात. आमच्या जातीचे नाव या लेखात मी लिहिलेले नाही, त्याचे कारण हेच.

लेख प्रसिद्ध झाला तेव्हा उरलेल्या सड्यावर आम्ही मोजणी केली. प्रौढ झाडे ५० पेक्षा कमी असली की आंतरराष्ट्रीय निकषांनुसार जाती अतिसंकटग्रस्त ठरते. आमची संख्या त्याहून थोडी जास्त भरली, म्हणून तसेच लिहिले. कमी लिहिले असते तर बातमी मोठी झाली असती. विद्यार्थ्याला अजून कायम नोकरी मिळालेली नाही. पण खाणीच्या विस्ताराचा अर्ज आला, तेव्हा ग्रामपंचायतीने हरकतीसोबत आमच्या लेखाची प्रत जोडली. हरकतीत वनस्पतीचे लॅटिन नाव ग्रामसेवकाने देवनागरीत, दोनदा खाडाखोड करून, बरोबर लिहिले होते. अर्जावर निर्णय व्हायचा आहे. दरवर्षी भाद्रपदात आम्ही मोजणी करतो.