न्यूट्रलचे वीस रुपये

पाचगणी मागे पडली आणि गाडी पसरणी घाटाला लागली की आमच्या दाजींचा डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जातो. खट्. न्यूट्रल. चेहऱ्यावर भाव असा, की जणू पेट्रोल कंपनीलाच गंडवलं.

"दाजी, गिअरात राहू द्या की."

"गप बस. वाईपर्यंत फुकटात जातीय गाडी."

मागच्या सीटवर ताई डोळे मिटून घेते. मी लहानपणापासून गाड्यांपायी वेडा झालेला माणूस, ओठ चावत बसतो. बरं, दाजी एकटे नाहीत. मिरजेच्या गॅरेजात, साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, पेठ नाक्याला थांबलेल्या वडापवाल्याकडून, सगळीकडे हेच ऐकलंय: उताराला न्यूट्रल टाकला की पेट्रोल वाचतं. एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे दर लग्नात घसा फोडायला नको.

गाडी गिअरात असते तेव्हा चाकं आणि इंजिन एकमेकांना जोडलेली असतात. उताराला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिनाला फिरवू लागतात. गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, मुख्यतः दोन गोष्टी बघतो: पाय वर आहे आणि इंजिन चांगलं फिरतंय. मग तो इंजेक्टर बंद करतो. इंधनाचा थेंब आत जात नाही. इंजिन अगदी मंदावलं की पुरवठा पुन्हा चालू. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटतो. बंद पडू नये म्हणून इंजिनाला स्वतःच्या पोटापुरतं खावंच लागतं. म्हणजे पेट्रोल जळतं ते न्यूट्रलमध्ये, गिअरात नाही.

हे दाजींना तोंडी पटेना. मग गेल्या हिवाळ्यात मी हजारभर रुपयांचा ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या खाचेत खोचला आणि मोबाइल डॅशबोर्डवर उभा केला. तिसरा गिअर, पाय मोकळा: इंधनाचा आकडा ०.०. न्यूट्रल: तासाला ०.७ लिटर. परत तिसरा: ०.०. दोन वळणं दाजी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं हे यंत्र चायनाचं आहे."

हिशेब करू. घाट उतरायला वीस मिनिटं धरली, तर न्यूट्रलमध्ये पाव लिटरच्या थोडं आत पेट्रोल जातं. शंभराच्या वरच्या भावानं वीसेक रुपये. गिअरात तेच जवळजवळ शून्य. दाजी ज्याला बचत म्हणतात, तो खर्च आहे.

आता दाजींच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी. हा समज हवेतून आलेला नाही. तो आपल्या साताऱ्यातच पिकला असं म्हटलं तरी चालेल. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडायची. टू-स्ट्रोक इंजिन, कार्ब्युरेटर, पेट्रोलातच मिसळलेलं ऑइल. कार्ब्युरेटरला अक्कल नसते. इंजिन हवा ओढेल तसं तो थोडं तरी पेट्रोल सोडतोच. शिवाय लांब उताराला थ्रॉटल बंद ठेवून स्कूटर गिअरात पळवली, तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पोचायचं आणि पिस्टन जाम व्हायची भीती. त्यामुळे जाणती माणसं मधूनमधून क्लच दाबायची, काही सरळ न्यूट्रल करायची. त्या यंत्रापुरतं ते शहाणपण होतं. दाजी प्रियावर गाडी शिकले. पुढे गाडी बदलली, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, डिझेलला कॉमन रेल आलं, २०२० च्या बीएस-६ नंतर साध्या मोटारसायकलीलाही इंजेक्टर बसला. डाव्या हाताची सवय तेवढी राहिली.

अर्धा गुण आणखी देतो. उतार अगदी सौम्य असेल आणि गिअरात गाडी इतकी मंदावत असेल की मध्येच ॲक्सिलरेटर द्यावा लागेल, तिथे न्यूट्रलमध्ये थोडं पेट्रोल वाचू शकतं. पण पसरणी, खंबाटकी, यवतेश्वर यांना सौम्य कोण म्हणेल?

आणि खरा मुद्दा पेट्रोलचा नाहीच. वाई ते पाचगणी उंचीत साडेपाचशे मीटरच्या आसपास फरक आहे. माणसांसकट बाराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तिच्यात अठरा-वीस लिटर पाणी उकळेल. मोठा हंडा भरून. पंचवीस टनांचा ट्रक असेल तर चारशे लिटर, म्हणजे दोन बॅरल. यातला काही वाटा वारा आणि टायर खातात, गिअरात असाल तर मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर. तापलेलं लायनर पकड सोडतं, पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "ब्रेक फेल".

त्याहून हुशार लोक चावीच फिरवतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर एक-दोन दाबांपुरता उरतो, स्टिअरिंग दगडासारखं होतं. ट्रकमध्ये ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो; इंजिन बंद करून ब्रेक मारत राहिलात की टाकीतली हवा संपत जाते. २० नोव्हेंबर २०२२ ची रात्र आठवा. साताऱ्याकडून पुण्यात उतरणारा ट्रक नवले पुलाजवळ गाड्यांवर आदळत गेला. त्या रात्रीच्या बातम्यांत ४८ गाड्यांचा आकडा होता. ब्रेक फेल झाले नव्हते, चालकानं उताराला इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल वाचवायला.

"रेसवाले तर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवतात," हे मला एका भाच्यानं ऐकवलं. नाही रे बाबा. फॉर्म्युला वनमध्ये २०१० पासून शर्यत चालू असताना इंधन भरता येत नाही आणि २०१९ ते २०२५ च्या हंगामांत एका शर्यतीला ११० किलोची मर्यादा होती, म्हणून ड्रायव्हर वळणाच्या अलीकडेच पाय काढतात. गाडी मात्र गिअरातच असते. वळणात चाकांशी जोडलेलं इंजिन हवं असतं, हे त्यांना पगार घेऊन कळतं.

बाकीचे गैरसमज भराभर.

इथेनॉल. ऊसपट्ट्यात यावर बोलणं म्हणजे कारखान्याच्या सभेत उभं राहणं. एक म्हणतो मायलेज निम्मं झालं, दुसरा म्हणतो काडीचा फरक नाही. दोघंही चूक. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई-२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे, मायलेजमध्ये होणारी घट दिली आहे: ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४, आणि ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १ ते २.

महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल: ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंजिनात ठोका येऊ न देण्याचा गुण. तुमच्या गाडीला ते लागत नसेल तर पैसे पाण्यात.

टायरमध्ये नायट्रोजन: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. दर पंधरवड्याला हवा तपासा, पुरे.

सायलेन्सरची जाळी काढली की पॉवर वाढते: वाढतो तो आवाज, आणि पावतीवरचा दंड.

"देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी साठेक हजारात गाडी केली, मग कंपन्या लाखो का घेतात?" लोहारांच्या कसबाला माझा दंडवत, किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवणं खायचं काम नाही. पण ती गाडी नियमांत बसत नाही, हे तिचं कौतुक करतानाच आनंद महिंद्रांनी लिहिलं होतं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आली. धडक झाली तर माणूस वाचावा आणि धूर मर्यादेत राहावा, याचे पैसे शोरूमच्या किमतीत असतात.

तर पसरणी, खंबाटकी, कुंभार्ली, कुठलाही घाट असो: जो चढ ज्या गिअरात चढाल, तो उतारही त्याच गिअरात उतरा. ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर हातानं निवडा. इलेक्ट्रिक असेल तर मुळीच न्यूट्रल टाकू नका, उतार बॅटरी भरून देतो. आणि एवढं वाचूनही वीस रुपये गेल्यासारखे वाटले, तर सांगलीला या. भडंग माझ्याकडून.