‘अँटिडिलुव्हियन’ म्हणजे किती जुनें?

घरांतील वडील माणसांचे विचार तरुणांस जुनाट वाटावे, यांत नवल नाहीं. परंतु इंग्रजी शिकलेला नातू आजोबांच्या सोंवळ्याला ‘अँटिडिलुव्हियन’ म्हणतो, तेव्हां तो त्यांस किती मागें लोटतो हें त्याला तरी ठाऊक असतें काय, असा आम्हांस प्रश्न पडतो.

शब्दाच्या आरंभींचें ‘अँटी’ हें विरोधवाचक ग्रीक उपपद नव्हे. तें लॅटिन ‘आन्ते’, म्हणजे पूर्वीं. ‘डिलुव्हियम’ म्हणजे सर्व धुऊन नेणारा महापूर. येथें बायबलांतील नोहाच्या वेळचा. इंग्रज वैद्य टॉमस ब्राऊन यांच्या १६४६ च्या ग्रंथांत हा शब्द भेटतो. त्याच शतकांत आर्चबिशप अशर यांनीं त्या पुराचें साल इसवी सनापूर्वीं २३४८ असें मांडून ठेविलें. पुढें १८२३ त ऑक्सफर्डचे बकलंड यांनीं गुहेंतील हाडें त्याच पुराची साक्ष म्हणून पुढें केलीं आणि १८३६ त स्वतःच तें मत सोडलें. शास्त्रांतून शब्द उठला, थट्टेंत मात्र राहिला. अलिबागेस ओहोटीच्या वेळीं कुलाबा किल्ल्याकडे चालत जातांना जो काळा पाषाण पायांखालीं येतो, तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा आहे. त्यापुढें अशरसाहेबांचा पूर कालचाच म्हणावयाचा!

तरी या किनाऱ्यास नोहा परका नाहीं. गलबत फुटून नवगांवाजवळ सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, त्यांचे आपण वंशज, असें येथील बेने इस्रायल परंपरेनें सांगतात. तेलाचा घाणा चालविणारे व शनिवार पाळणारे म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. नोहाची कथा त्यांच्याच धर्मग्रंथांतील, आणि घरची भाषा मराठी.

मग या शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता? ‘प्रलयपूर्व’ हा सुचतो खरा, पण तो आम्हांस मान्य नाहीं. प्रलयांत सृष्टीचा लय होतो; नोहाच्या पुरांत नौका तरते. त्याला जवळची कथा शतपथ ब्राह्मणांतील मनूची : माशाच्या शिंगाला नाव बांधून तो उत्तरेच्या पर्वतास लागतो. तेथें पुराला शब्द आहे ‘औघ’. परंतु ‘औघपूर्व’ म्हटल्यास मराठी वाचकाला भाषेचा ओघ आठवणार, बुडविणारें पाणी नव्हे.

आमच्या मतें नवा शब्द घडविण्याची यातायातच नको. ‘मांधात्याच्या काळचा’ हें घरांत आहेच. शिवाय ‘बाबा आदमच्या वेळचा’ असेंही आपण सहज म्हणतों. हा आदम नोहाच्या नऊ पिढ्या वरचा मूळपुरुष. तेव्हां नातवाच्या लॅटिनपेक्षां आजीबाईंचा शब्दच अधिक जुना काळ दाखवितो.