हरवलेल्या वृद्धांसाठी जपानचे भोंगे

जपानमधील असंख्य गावांत आणि उपनगरांत उंच खांबांवर बसवलेले भोंगे दिसतात. मुळात भूकंप, त्सुनामी किंवा पूर यांची सूचना देण्यासाठी उभारलेली ही यंत्रणा अनेक ठिकाणी रोज संध्याकाळी एखादी परिचित धून वाजवून तपासली जाते, आणि तिच्यावरूनच अधूनमधून बेपत्ता वृद्धांचे वर्णनही प्रसारित होते. निवेदन करणारा दर दोन-तीन शब्दांनंतर थांबतो, कारण निरनिराळ्या खांबांवरून येणारे आवाज एकमेकांत मिसळले, तर ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही. वय, उंची, अंगकाठी, जाकिटाचा रंग, पायांतली चप्पल एवढेच त्यात असते. नाव सांगायचे की नाही, हे त्या त्या नगरपालिकेच्या नियमावर आणि कुटुंबाच्या संमतीवर ठरते. व्यक्ती सुखरूप सापडली, की तसे सांगून नागरिकांचे आभार मानले जातात.

स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचे भान हळूहळू क्षीण होत जाण्याची अवस्था, असलेल्या व्यक्ती बेपत्ता झाल्याच्या 9,607 तक्रारी जपानी पोलिसांकडे 2012 मध्ये नोंदल्या गेल्या होत्या. 2023 मध्ये हा आकडा 19,039 झाला.

या आकड्यामागे काय असते, हे आइची प्रांतातील ओबू शहरातल्या एका घटनेने साऱ्या देशाला दाखवले. डिसेंबर 2007 मध्ये तेथील 91 वर्षांचे एक गृहस्थ पत्नीचा क्षणभर डोळा लागला असताना घराबाहेर पडले आणि रेल्वेगाडीखाली सापडून मरण पावले. पत्नी स्वतः 85 वर्षांची होती. रेल्वे कंपनीने गाड्यांच्या खोळंब्यापोटी कुटुंबाकडे सुमारे 72 लाख येनची भरपाई मागितली. खालच्या न्यायालयांनी कुटुंबावर जबाबदारी टाकली, पण 1 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दूर केली. त्या वृद्ध पत्नीच्या डुलकीचा हिशेब न्यायालयात मांडला जावा, हे क्लेशकारकच होते. घरच्या माणसाला कधी तरी झोप लागणारच. तेवढ्या वेळात वृद्धाकडे लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न त्यामुळे गावाचा ठरतो.

होक्काइदोतील कुशिरो येथे 1994 मध्येच पोलीस, टॅक्सीचालक आणि स्थानिक रेडिओ यांना जोडणारे शोधजाळे उभे राहिले होते. पुढे साइतामा प्रांतातील इरुमा शहराने 2016 मध्ये नखावर चिकटवायचा, जेमतेम एक सेंटिमीटरचा क्यूआर कोड आणला. साधन उपयुक्त आहे, परंतु अनोळखी वृद्धापाशी थांबून त्याचा हात हाती घेणारे कोणी भेटले, तरच तो कोड वाचला जातो.

हे थांबणे शिकवावे लागते, याची जाण फुकुओका प्रांतातील ओमुता या शहराला आहे. 1997 मध्ये कोळशाची खाण बंद पडल्यानंतर झपाट्याने वृद्ध होत गेलेल्या या शहरात 2004 पासून शोधाचा सराव घेतला जातो. त्यात एक स्वयंसेवक हरवलेल्या वृद्धाची भूमिका घेऊन रस्त्याने चालू लागतो, त्याचे वर्णन सर्वत्र कळवले जाते आणि नागरिकांनी त्याला ओळखून बोलते करायचे असते. वर्णन तंतोतंत जुळत असूनही नागरिक त्याच्या शेजारून निघून जातात. ओळखण्यापेक्षा बोलण्याचाच संकोच मोठा असतो. म्हणून मागून हाक मारू नये, समोरून सावकाश यावे, डोळ्यांच्या पातळीवर येऊन आधी नमस्कार करावा, प्रश्नांची सरबत्ती करू नये, अशा साध्या गोष्टी येथे प्रत्यक्ष करून पाहिल्या जातात, आणि त्यांत शाळकरी मुलेही भाग घेतात.

ज्या देशात 2023 या एका वर्षात बेपत्ता झाल्याच्या 19,039 तक्रारी आल्या, तेथे भोंगे हवेत, कोडही हवेत. मात्र नगरपालिकेच्या खर्चात पहिला हक्क ओमुतासारख्या सरावाचा असायला हवा.