कोकणात समुद्रावर जाताय? आधी महिना बघा, मग तिथी

कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, पुढं गुहागर. सांगली-मिरजेची मंडळी आंबा घाटानं गणपतीपुळ्याला जातात. पण पाण्यात उतरायचं कधी?

अटलांटिकच्या किनाऱ्यावर, पोर्तुगालच्या नाझारेला, अजस्र लाटा हिवाळ्यात येतात. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरणारे सर्फर तेव्हाच तिथं जमतात. आपल्याकडं उलटं. जूनमध्ये नैऋत्येचा वारा सुटला की अरबी समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते. जिथं कोळी होडी घालत नाही, तिथं आपण रील काढायला कशाला उतरायचं? सर्फिंग शिकायचंच असेल तर पावसाळा सरल्यावर, तेही शिकवणाऱ्याबरोबर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र बराच शांत. तरी भरती बघाच. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. अष्टमीला आले सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठं.

कृष्णेत पोहणाऱ्यानंही भ्रमात राहू नये. पाणी आत ओढायला लागलं तर सरळ किनाऱ्याकडं झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहा. ओढ सुटली की बाहेर या. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा टायरची ट्यूब फेका, आणि ११२ ला फोन लावा.