काथ्याने शिवलेलं जहाज

नाशिक आणि समुद्र यांच्यामध्ये सह्याद्री आडवा उभा आहे. तरीही पांडवलेण्यांच्या शिलालेखांत समुद्र पुन्हा पुन्हा भेटतो. तिसऱ्या लेण्यातला लेख गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी सांगताना त्याच्या वाहनांना तीन समुद्रांचं पाणी पाजतो. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आपली दानं मोजतो. पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, हजारो नारळाची झाडंही दिली. यातल्या पार आणि दमणगंगा तर नाशिक जिल्ह्यातच उगम पावतात.

नाव आणि नारळ यांचं नातं जुनं आहे. अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर शतकानुशतकं फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या जात. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजतं. शिवलेला सांगाडा लाटेबरोबर थोडा लवतो आणि वाळूवर आदळला तरी सहसा फुटत नाही. पुढे युरोपीय पद्धतीच्या खिळेठोक जहाजांचा जोर वाढला आणि ही विद्या केरळसारख्या किनाऱ्यांवर थोड्याच कारागिरांच्या हातात उरली.

त्याच हातांनी उभं केलेलं जहाज म्हणजे भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’. नमुना मिळाला तो अजिंठ्यात, म्हणजे समुद्रापासून आणखी दूर. तिथल्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात शिडं उभारलेलं एक जहाज आहे. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. १२ सप्टेंबर २०२३ रोजी पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, बसवला. केरळचे कसबी सुतार बाबू शंकरन यांच्या हाताखाली काम चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोव्यात जहाज पाण्यात उतरलं आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. पूर्वेकडचे समुद्र ओलांडून गेलेल्या दंतकथेतल्या कौंडिण्याचं नाव त्याला मिळालं.

चित्रकाराने जहाजाचं बाह्य रूप दाखवलं होतं, पण फळी किती जाड, पोट किती खोल, डोलकाठी किती उंच, हे त्यात कुठे? आराखडा नव्याने मांडावा लागला. आयआयटी मद्रासमध्ये छोट्या प्रतिकृतीवर पाण्यातल्या चाचण्या झाल्या. १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद अशा या जहाजाला इंजिन नाही. चौकोनी शिडं आणि सुकाणूची वल्ही, एवढ्यावरच सारी भिस्त.

शिवणकाम जवळून पाहण्यासारखं. फळ्या कडेला कड भिडवून उभ्या करायच्या, दोन्ही कडांना ओळीने भोकं पाडायची. सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवायची आणि तिच्यावरून दोरी आडवी-तिरपी ओवत न्यायची. एक कारागीर आत, दुसरा बाहेर. आतल्याने दोरी ओढली की बाहेरच्याने ताण धरून ठेवायचा, कारण एक टाका ढिला राहिला तर तिथूनच पाणी शिरणार. मग भोकात काथ्या कोंबायचा आणि वरून राळ चोपडायची. गोधडीसारखंच हे काम, फक्त इथे टाका चुकला तर समुद्र आत येतो.

कौंडिण्य २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोचलं. या हंगामात ईशान्येकडून वारा वाहतो. जुने व्यापारी पश्चिमेकडे जायला याच वाऱ्याची वाट पाहत.

जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच प्रयोग पन्नास वर्षांपूर्वी झाला. हवाईच्या लोकांनी ‘होकुलेआ’ ही दोन धडांची, दोऱ्यांनी बांधलेली पॉलिनेशियन नाव तयार केली. तिच्या धडाला प्लायवूड आणि फायबरग्लास चाललं, पण १९७६ मध्ये हवाईहून ताहितीला जाताना वाट दाखवायला एकही उपकरण घेतलं नाही. सातावाल बेटाचे माऊ पिआइलुग तारे, लाटांची दिशा आणि पक्षी पाहून मार्ग सांगत होते. तिकडे विद्या वाट शोधण्याची होती, आपल्याकडे ती सांधा जोडण्याची.

होकुलेआची खरी कमाई मात्र ताहितीच्या पुढची. माऊंच्या तालमीत तयार झालेल्या नैनोआ थॉम्पसन यांनी १९८० मध्ये तीच सफर स्वतः वाट काढत केली. नंतर आणखी नावा बांधल्या गेल्या आणि त्यांवर पोरं शिकली. विद्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली म्हणून ती वाचली.

म्हणून कौंडिण्यचं मोल मस्कतच्या बंदरात ठरवू नये. मालवण, रत्नागिरी, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यांवरची किती पोरं हा टाका घालायला शिकतात, यावर ते ठरेल. त्यासाठी कार्यशाळा हव्यात, शिकणाऱ्याला रोजंदारी हवी आणि दुसरं जहाज शिवायला घ्यायला हवं. उषवदाताने नदीवर नाव ठेवली, पण ती बांधणारे हात आधीच किनाऱ्यावर होते. आज आपल्याला नावेच्या आधी ते हातच घडवायचे आहेत.