पूल बांधायचाय? कोणत्या नदीवर?

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बुलडाण्यातल्या कार्यालयात जाऊन ‘पूल बांधणाऱ्याचं लायसन कुठे मिळतं?’ असं विचारलंत, तर समोरचा माणूस आधी नदीचं नाव विचारील. पैनगंगा की पूर्णा? त्यात त्याचं काही चुकत नाही. नदीवरचा सरकारी पूल बांधायचा तर ठेकेदाराला नोंदणी लागते. नोंदणीचे वर्ग आहेत आणि कोणत्या वर्गाने किती रकमेपर्यंतचं काम घ्यायचं तेही ठरलेलं आहे. पण तुमच्या बंगल्यामागे जो पोहायचा पूल व्हायचाय, तो बांधणाऱ्याने नाव कुठे नोंदवायचं? कुठेच नाही. घरगुती स्विमिंग पूल बांधणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वेगळा परवाना नाही, परीक्षा नाही, नोंदवहीही नाही.

उन्हाळ्यात ज्या जिल्ह्यात गावोगाव टँकर फिरतात तिथे ही चर्चा कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे. वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेचार फूट खोल असा लहानसा पूल धरला तरी त्यात पंचवीस हजार लिटर पाणी मावतं. जलजीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटरचं माप लावलं तर साडेचारशे माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. तरीही पूल होताहेत. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजा या भागांतून गेला, 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, आणि फार्महाऊस म्हटलं की निळ्या टाइल्सचा चौकोन हवाच असं लोकांना वाटू लागलं. हौस चांगली की वाईट हा वाद इथे नको. हौसेपोटी आपण कुणाच्या हाती पैसे देतो, एवढंच बघू.

समजा, खामगावात तुम्ही पूल बांधायला काढलात. ठेकेदार येतो, मोबाइलमध्ये पुण्या-नाशिकच्या पूलांचे फोटो दाखवतो. तुम्ही सावध माणूस, म्हणून विचारता, ‘तुमचं रजिस्ट्रेशन आहे ना?’ तो हसून प्लास्टिकच्या फोल्डरमधून तीन कागद काढतो. पहिला शॉप ॲक्टचा. 2017 च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर धंदा सुरू केल्याची नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते, ती त्याने दिलेली असते. दुसरा उद्यम नोंदणीचा. तो आधार क्रमांक आणि स्वतःच भरलेली माहिती यांवर मिळतो. तिसरा जीएसटीचा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की तो घ्यावा लागतो. तिन्ही कागद खरे, तिन्हींवर शिक्का. पण यातला एकही कागद देताना त्याला कुणी विचारलेलं नसतं, की बाबा, तळाच्या स्लॅबचा आणि भिंतीचा सांधा तू कसा धरतोस?

गंमत अशी, की त्याच पूलाच्या अवतीभवती वावरणाऱ्या बाकीच्या सगळ्यांना शासन काही ना काही विचारतं. पाण्यासाठी बोअर पाडायची असेल तर गाडीवाल्याची नोंदणी हवी. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडून मेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये देशभरासाठी सूचना दिल्या आणि खोदणाऱ्या प्रत्येक एजन्सीची जिल्हा प्रशासनाकडे नोंद सक्तीची केली. राज्याच्या भूजल कायद्यातही विंधन यंत्राच्या मालकाची नोंदणी आहे. मोटरची वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायची असते. बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्याएवढीच सूट आहे. आर्किटेक्ट हे नाव लावायला 1972 च्या कायद्याखाली नोंदणी लागते. इथे एक बारकावा आहे. नोंदणी नसलेल्याला नकाशा काढायची बंदी नाही, फक्त ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायची बंदी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. आणि फ्लॅट दाखवणारा एजंट? त्याला महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाने 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायला लावली. फ्लॅट दाखवताना खिडकीतून पूल दाखवणारा परीक्षा देऊन आलेला असतो. तो पूल बांधणारा मात्र नाही.

सगळ्यात बहार मुरमाची. वर सांगितलेल्या मापाचा पूल खणला की भिंती आणि तळाची जाडी धरून बारा-चौदा ब्रास माती-मुरूम निघतो. तो जागेवरच भरावाला वापरला तर गोष्ट वेगळी, पण ट्रॅक्टर भरून बाहेर काढलात की गौण खनिजाचा प्रश्न उभा राहतो. ब्रासला सहाशे रुपये रॉयल्टी आणि वाहतुकीचा पास. विनापास ट्रॅक्टर तहसीलच्या पथकाला सापडला तर महसूल संहितेच्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. म्हणजे खड्ड्यातून काय निघालं याचा हिशेब शासनाला पावतीसकट हवा. त्या खड्ड्यात पुढे काय बांधलं जातंय आणि बांधणाऱ्याला ते येतं का, याची विचारपूस नाही.

मग कायदा अगदीच मुका आहे का? तसंही नाही. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात ‘विकास’ या शब्दात जमिनीवरचं, जमिनीतलं आणि जमिनीखालचं बांधकाम नि अभियांत्रिकी काम येतं. जिल्ह्यात अकरा नगरपरिषदा आणि मोताळा, संग्रामपूर या दोन नगरपंचायती आहेत. त्यांच्या हद्दीत बंगल्याच्या नकाशात पूल दाखवूनच परवानगी घ्यायची असते. 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली इथेही लागू आहे. तिच्या परिशिष्टात परवानाधारक अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनीअर, पर्यवेक्षक यांची पात्रता दिलेली आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने उघड्या पूलाला आच्छादित क्षेत्रात धरलेलं नाही. त्यामुळे होतं असं, की नकाशात पूल निळ्या रंगात दिसतो, पण चौरस मीटरच्या बेरजेत येत नाही. आणि जे बेरजेत येत नाही, त्याकडे आपल्याकडे टेबलामागून फारसं कुणी बघत नाही, हा माझा अनुभव. शिवाय परवानगी मिळते ती कामाला, मालकाच्या नावाने. काही चुकलं तर नोटीसही मालकाच्याच दाराला चिकटते. ठेकेदार तोवर दुसऱ्या गावी फोटो दाखवत असतो.

सोसायटीतल्या पूलाचं जरा बरं आहे. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो विनामोबदला तीस दिवसांत दुरुस्त करायचा, असं रेरा कायद्याचं कलम 14 सांगतं. बिल्डरने पूल कुणाकडून बांधून घेतला हे तुम्हाला शोधावं लागत नाही. पण स्वतःच्या प्लॉटवर स्वतः बांधून घेणाऱ्याला रेराची सावली नाही. त्याचा आणि ठेकेदाराचा व्यवहार बहुतेक वेळा वहीतल्या एका पानावर झालेला असतो.

परवाना नसल्याचं नुकसान काय, हे समजायला घाटाखाली उतरावं लागेल. बुलडाण्याची जमीन एक नाही. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकरकडे दोन-चार फुटांवर बऱ्याच ठिकाणी मुरूम लागतो, खाली काळा पाषाण. तिथे खोदायला त्रास, पण बसलेलं बांधकाम हलत नाही. घाटाखाली नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा पूर्णेचा पट्टा. कापसाची भारी काळी माती, खोलच खोल. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तडकते. भेगांत हात जातो. या मातीत पूलाची भिंत वर्षातून एकदा आत ढकलली जाते, एकदा सैल सोडली जाते. घाटावर ज्याने दहा पूल चांगले बांधले, तोच मिस्त्री तीच सळई आणि तीच जाडी घेऊन नांदुऱ्यात उतरला की दुसऱ्या पावसात टाइल्सचे सांधे उघडतात.

दुसरं संकट आणखी गमतीशीर आहे. गमतीशीर म्हणायला हरकत नाही, कारण ते दुसऱ्याच्या घरी घडलेलं ऐकायला बरं वाटतं. पावसाळ्यात पूल रिकामा करून घासायला काढतात. त्या वेळी भोवतीच्या मातीत पाणी वरपर्यंत चढलेलं असेल तर रिकामा हौद नावेसारखा खालून उचलला जातो. काँक्रीटचा असला तरी. म्हणून तळाखाली खडीचा थर आणि पाणी काढून देणारा पाइप हवा, तळात दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवा. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी भारतीय मानक 3370 आहे. त्याने आरसीसीला किमान एम 30 प्रतीचं काँक्रीट सांगितलं आहे. आपल्याकडे घराच्या स्लॅबला एम 20 चालतं म्हणून पूलालाही तेच ओततात. खारपाण पट्ट्यातलं बोअरचं खारं पाणी अशा काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत शिरलं की सळई गंजून फुगते. ते वरून दिसत नाही.

तिसरी गोष्ट जिवाची. पूलाच्या तळाशी एकच जाळी असेल आणि पंपाची ओढ जोरात असेल तर मूल त्या जाळीला चिकटून बसतं, मोठ्यांच्याही ताकदीने सुटत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 मध्ये अशीच गेली. तिच्या नावाने 2007 साली तिथे कायदा झाला आणि सार्वजनिक पूलांत न अडकवणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. दोन जाळ्या, एकमेकींपासून दूर, एवढा साधा उपाय. खर्चात तो कुठे दिसतसुद्धा नाही. पण तो माहीत असलेला माणूस पूल बांधायला हवा.

त्याच अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्य पूल बांधणाऱ्याला ‘सी-53’ नावाचा स्वतंत्र परवाना देतं. चार वर्षांचा कामाचा अनुभव, परीक्षा आणि 25 हजार डॉलरचा बाँड. तसंच इथे आणावं का? मला तसं वाटत नाही. तेरा तालुक्यांत मिळून मोजके पूल होणार, त्यांच्यासाठी परवान्याचं नवं खातं काढलं तर सहा महिन्यांत परवाना मिळवून देणारे एजंट तेवढे तयार होतील. मला पटतो तो फ्रान्सचा मार्ग. 2003 च्या कायद्याने तिथे बांधणाऱ्याची जात-पात विचारली नाही. जमिनीत खोदलेल्या प्रत्येक खासगी पूलाला कुंपण, झाकण, छत किंवा धोक्याची घंटा यांपैकी एक असलंच पाहिजे, एवढं सांगितलं. नाही केलं तर 45 हजार युरोपर्यंत दंड. नगरपरिषदेने परवानगी देताना स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही आणि चार फूट कुंपण या दोनच अटी पूलाच्या निळ्या चौकोनाशेजारी लिहिल्या, तर नवा कायदा लागत नाही.

आणि हे कुंपण पूलापाशी थांबू नये. जिल्ह्यात पोहायच्या पूलांपेक्षा शेततळी कितीतरी जास्त आहेत. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 मध्ये आली, नंतर अनुदान 75 हजारांपर्यंत गेलं. तळाला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला झाला की शेवाळलेल्या दगडाहून निसरडा. पाय घसरला की काठ हाताला लागत नाही. सिंदखेड राजाच्या पुतळा बारवेला जुन्या गवंड्यांनी पायऱ्या दिल्या, त्या नुसत्या शोभेसाठी नाहीत. उतरलेला माणूस वर यावा म्हणून आहेत. शेततळ्याच्या चार कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर सोडायला आणि भोवती तारेचं कुंपण घालायला खर्च येतो, पण तो तळ्याच्या खर्चाच्या मानाने थोडा.

तोवर पूल बांधून घेणाऱ्यांनी स्वतःच थोडं परवाना अधिकारी व्हावं. ठेकेदाराचा फोटो नको, त्याने पाच वर्षांपूर्वी बांधलेला पूल बघायला जा. शक्यतो तुमच्यासारख्याच मातीतला, आणि मालक घरी असताना. नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही घ्या, मोटरच्या बोर्डात विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं 30 मिलीॲम्पिअरचं आरसीसीबी बसवून घ्या, वायरमनचा परवाना क्रमांक लिहून ठेवा. करार स्टॅम्पपेपरवर करा आणि गळतीची जबाबदारी किती वर्षं, हे आकड्यात लिहा. वाद झालाच तर बुलडाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी लागत नाही.

आणि शेवटचा हप्ता लगेच देऊ नका. पूल भरा, आठवडाभर तसाच ठेवा. मग पूलाच्या पायरीवर पाण्याने भरलेली एक बादली ठेवा. पूलातल्या आणि बादलीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, मोटर बंद ठेवा आणि चोवीस तासांनी बघा. दोन्हींतलं पाणी सारखंच उतरलं असेल तर ते उन्हाने नेलं. पूलातलं जास्त उतरलं असेल तर ठेकेदाराला फोन लावा.